वेतन कराराआधीचे सहा महिने : बेळगाव परिसरातल्या युनियनसाठी तयारीची वाट

उद्यमबाग, मच्छे, नावगे, होनगा या पट्ट्यातल्या फौंड्र्या आणि मशिनशॉपमध्ये जिथं युनियन आहे, तिथं वेतन करार बहुधा तीन वर्षांचा असतो. तो संपायला महिना उरला की धावपळ सुरू होते. मागच्या मागणीपत्रातले आकडे वाढवून नवं मागणीपत्र टाइप होतं, गेटवर नारळ फुटतो, घोषणा होतात. मग बैठकीवर बैठक. बाहेर सभासद एकच गोष्ट विचारत राहतो, "अण्णा, ह्या टायमाला किती वाढवूलेत?"

त्याचा दोष नाही. त्याला दुसरं काही कुणी सांगितलेलंच नसतं. टेबलावर बसणारे पाच-सात जण कितीही बोलके असू देत, बाहेरच्या माणसाला स्वतःच्या पगाराचा हिशेब येत नसेल तर कंपनीला एक मोठा गोल आकडा सांगून काम भागवता येतं. म्हणून इथं बैठकीतल्या डावपेचांपेक्षा सभासदांच्या तयारीवर जास्त लिहिलंय. सहा महिने हातात आहेत असं धरून चला.

जुना करार आधी बाहेर काढा

पहिलं काम कंटाळवाणं आहे. जुन्या कराराची सही-शिक्क्याची प्रत शोधा. ती सेक्रेटरीच्या घरच्या कपाटात असते, नाहीतर नसतेच. नसेल तर कामगार खात्याच्या कार्यालयात अर्ज करून नक्कल मागा. व्हॉट्सॲपवर फिरलेला अर्धवट फोटो चालणार नाही.

त्यात तीन गोष्टी बघा. करार कोणत्या तारखेला संपतो. तो दोन्ही बाजूंनी आपसात केला होता की कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यापुढं. आणि कंपनीनं कबूल केलेलं काय काय पाळलं नाही.

दुसरा मुद्दा कागदी वाटतो, पण महत्त्वाचा आहे. आपसातला करार सही करणाऱ्या पक्षांपुरताच बांधतो. समेट अधिकाऱ्यापुढं झालेला करार कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, सभासद असो वा नसो, आजचा असो वा उद्या भरती होणारा. जुनी माणसं जुन्या कायद्यातल्या कलमावरून ज्याला '१२(३)चं सेटलमेंट' म्हणतात ते हेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा तिनं घेतली. कलमांचे आकडे बदलले, पण हा फरक तसाच राहिला.

मुदत संपली म्हणजे करार आपोआप मेला असंही नाही. करार संपवायचा आहे अशी लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर ६० दिवस तो चालूच राहतो. नोटीस देणारा पक्ष कराराखालच्या बहुसंख्य कामगारांचा असावा लागतो. ३१ मार्चला मुदत संपत असेल तर जानेवारीतच नोटीस पोचवा आणि पोच घ्या. आवकजावक विभागाचा शिक्का नसलेली नोटीस पुढं कामाला येत नाही.

न पाळलेल्या कलमांची वेगळी यादी करा. कॅन्टीनचा दर, सेफ्टी शूज, फेटलिंगमधल्या (ओतीव माल घासून साफ करणाऱ्या) माणसांची छातीची तपासणी, जे असेल ते. नव्या मागण्यांत ते मिसळू नका. जे मागेच मिळालं आहे त्यासाठी दुसऱ्यांदा किंमत का मोजायची?

टेबलावर बसायचा हक्क

इथं सीमेपलीकडचा एक गैरसमज आहे. कोल्हापूर, गोकुळ शिरगाव, कागलकडून येणारे पुढारी महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याच्या सवयीनं बोलतात, म्हणजे मान्यताप्राप्त युनियन आणि अनुचित प्रथांसाठी औद्योगिक न्यायालय. कर्नाटकात तसा कायदा नव्हता. कंपनी ज्या युनियनशी बोलेल ती खरी, असा कारभार चालायचा. महाराष्ट्रातल्या शिनोळीत काम करणाऱ्या भावाच्या युनियनला जो रस्ता होता, तोच मच्छेतल्याला होता असं समजू नका.

नव्या संहितेनं चित्र बदललं. कारखान्यात एकाहून जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के किंवा जास्त कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकमेव वाटाघाटी करणारी ठरते. कुणाकडंच तेवढे नसतील तर वाटाघाटी परिषद बसते आणि तिथं किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनना जागा मिळते. एकच नोंदणीकृत युनियन असेल तर नियमांतल्या अटींवर तिला मान्यता द्यावी लागते. ही मान्यता तीन वर्षांची असते आणि दोन्हीकडच्या संमतीनं एकूण पाच वर्षांपर्यंत जाते. तपशिलाचे नियम राज्य सरकारचे असतात, तेव्हा कोणता नमुना भरायचा ते कामगार खात्यात विचारूनच अर्ज करा.

तयारीच्या भाषेत याचा अर्थ असा की वर्गणीची पावती पुस्तकं, सभासद रजिस्टर, वार्षिक विवरण आणि हिशेब तपासणी आता धुवून-पुसून ठेवा. पाठिंबा तोंडी आहे, कागदावर नाही, हे नेमकं वादाच्या दिवशी कळलं तर हात चोळत बसावं लागतं. आणि पदाधिकाऱ्यांची नावं 'संरक्षित कामगार' म्हणून दरवर्षी लेखी द्या. संख्या एकूण कामगारांच्या १ टक्का, पण कमीत कमी ५. वाद प्रलंबित असताना अशा माणसाला आधी परवानगी घेतल्याशिवाय काढता येत नाही. वाटाघाटीच्या ऐन भरात सेक्रेटरीला चार्जशीट मिळणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे.

पगारस्लिपची शाळा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. अनगोळ, पिरनवाडी, येळ्ळूर, किणये, जिथून माणसं येतात तिथल्या देवळाचा सभामंडप किंवा समाजभवन सुट्टीच्या दिवशी घ्या. एका वेळी दहा-बाराच माणसं, एकाच खात्यातली. मोल्डिंगची वेगळी, फेटलिंगची वेगळी, कोअर शॉपमधल्या बायकांची वेगळी आणि त्यांना बस मिळेल अशा वेळेला. प्रत्येकानं गेल्या महिन्याची आणि मागच्या करारानंतरची पहिली, अशा दोन स्लिपा आणायच्या. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात नमुना स्लिप काढा आणि ओळीनं वाचत जा.

बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) किती, बाकीचे भत्ते किती, ग्रॉस (कापणीआधीचा एकूण पगार) किती, हातात किती. हे चार आकडे प्रत्येकानं स्वतःच्या हातानं एका कार्डावर लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या शेजारच्यानं लिहून द्यायचे. नुसतं ऐकून माणूस घरी जातो आणि विसरतो.

मग सांगायचं की सगळे रुपये सारखे नसतात. बेसिकमध्ये पडलेला रुपया पीएफ वाढवतो, ग्रॅच्युइटी वाढवतो, ओटीचा (जादा कामाचा) दर वाढवतो. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता अशा वेतनातून वगळलेल्या डब्यात पडलेला रुपया यातलं बरंचसं करत नाही. नव्या वेतन संहितेतल्या (कोडमधल्या) व्याख्येप्रमाणे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. यावरून 'कोडमुळं तुमचा हातातला पगार कमी होणार' अशी कुजबुज काही ठिकाणी सोडली जाते. पीएफ १५,००० रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवरच कापला जात असेल तर यामुळं कापणी वाढत नाही. स्लिप समोर असली की हे दोन मिनिटांत पटतं.

आता 'सीटीसी', म्हणजे एका कामगारामागं कंपनीचा एकूण खर्च. कंपनी म्हणते, तीन हजारांची वाढ. कशात? सीटीसीत असेल तर त्यातून कंपनीचा १२ टक्के पीएफ, ८.३३ टक्के बोनस आणि सुमारे ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीची तरतूद बाहेर जाते. सगळी वाढ बेसिकमध्ये टाकली, पीएफ मर्यादेवर न थांबता पूर्ण बेसिकवर धरला आणि बोनसही तिच्यावर धरला तर ग्रॉसमध्ये उरतात सुमारे २,४०० रुपये. त्यातून कामगाराचा स्वतःचा १२ टक्के पीएफ गेला की हातात २,११०. गेटवर 'तीन हजार मिळवले' म्हणून गुलाल उधळायचा आणि पहिल्या पगाराला दोन हजार बघून शिव्या खायच्या, हे टाळायचं असेल तर मागणीपत्रात पहिल्याच ओळीला लिहा की सर्व आकडे ग्रॉसचे आहेत.

शाळेत विचारायचा आणखी एक प्रश्न असा की तुमचं ग्रॉस २१,००० च्या किती जवळ आहे? ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची, मर्यादा तीच आहे. समजा आज १९,६०० आहे आणि १,५०० वाढले तर २१,१०० झाले. मधल्या महिन्यात रेषा ओलांडली तरी तो वर्गणीचा काळ, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, संपेपर्यंत ईएसआय चालू राहते. नंतर बंद. ०.७५ टक्के कापणी वाचली म्हणून माणूस खूश होतो, आणि घरात डायलिसिस किंवा बाळंतपण निघालं की डोळे उघडतात. बोनस कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं आलेली पात्रतेची रेषाही २१,००० चीच. म्हणून खात्याखात्यातली कार्डं गोळा करून मोजा की या वाढीनं किती जण रेषेपलीकडं जातात. त्यांच्यासाठी कुटुंबासह मेडिक्लेम आणि बोनसइतकीच रक्कम सानुग्रह म्हणून, हे वाढीच्याच कलमाला जोडून मागायचं. नंतर मागितलं तर नवी मागणी ठरते.

महागाई भत्ता

हा भाग थोडक्यात, पण पेन्सिल घेऊन वाचा. डीए औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर चालतो. २०२० च्या सप्टेंबरपासून त्याची मालिका २०१६ = १०० अशी झाली. त्याआधीची २००१ ची. दोन्ही मालिकांना जोडणारा आकडा २.८८ आहे, म्हणजे नव्या मालिकेतला एक पॉइंट जुन्या २.८८ पॉइंटांबरोबर.

जुन्या करारात 'दर पॉइंटला ३ रुपये' असेल आणि कुणी नुसतं मालिकेचं वर्ष बदलून ३ रुपये तसेच ठेवले, तर निर्देशांक नव्या मालिकेत १० पॉइंट चढल्यावर ८६ रुपये ४० पैशांऐवजी ३० रुपये मिळतील. नवा दर ८ रुपये ६४ पैसे हवा. ही एक ओळ चुकली तर तीन वर्षं दर तिमाहीला दंड भरत राहायचा.

निर्देशांक अखिल भारतीय धरायचा की बेळगाव केंद्राचा, कोणत्या महिन्यांची सरासरी, किती महिन्यांनी बदल, सुरुवातीचा आकडा कोणता, हे सगळं शब्दांत लिहून घ्या. आणि ज्यांचा पगार किमान वेतनाच्या आसपास आहे त्यांच्यासाठी वेगळं कलम घाला. कर्नाटकात किमान वेतनातला बदलता महागाई भत्ता दर १ एप्रिलला वाढतो. 'किमान वेतनातली वाढ करारातल्या वाढीत वळती करून घेतली जाणार नाही' हे वाक्य नसेल तर सरकारनं दिलेली वाढच कराराची म्हणून पदरात पडते.

मागण्या गोळा करणं आणि त्यातल्या बाजूला ठेवणं

चाळीस मागण्यांचं मागणीपत्र मला कधीच आवडलं नाही. कंपनीला माहीत असतं की त्यातल्या तीस देखाव्याच्या आहेत, पण कोणत्या ते आपल्या माणसांना माहीत नसतं. प्रत्येक सभासदाला तीनच विचारा. सगळ्यात जास्त काय हवं, काय मिळालं नाही तर चालेल, आणि काय गेलं तर अजिबात चालणार नाही. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मोलाची असतात. तिथं पगार क्वचित येतो. तिथं येतं, 'माझी शिफ्ट बदलू नका', 'कंपनीची बस बंद करू नका', 'सुगीच्या रजेला हात लावू नका'.

आमच्या भागाच्या काही मागण्या पुण्या-मुंबईच्या छापील मागणीपत्रात सापडणार नाहीत. एक बंदच्या दिवसाची. सीमेवरून ताण वाढला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबतात, आणि चंदगडकडून शिनोळीमार्गे किंवा निपाणी-कोगनोळीकडून येणारा कामगार घरीच अडकतो. त्याचा खाडा पडतो, शिवाय महिन्याचा हजेरी बोनसही जातो. त्या दिवसाच्या बदल्यात दुसऱ्या सुट्टीच्या दिवशी काम आणि हजेरी बोनस अबाधित, असं कलम मागा. कंपनीलाही ते परवडतं, कारण बंदच्या दिवशी तिचा मालही हलत नाही.

दुसरी सणाच्या सुट्ट्यांची. राष्ट्रीय सुट्ट्या कायद्यानं ठरलेल्या आहेत, त्यांत १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवही येतो. त्या दिवसाबद्दल गावात कुणाचं काय मत आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. युनियननं ते गेटच्या आत आणू नये, एवढंच माझं म्हणणं. भट्टीसमोर उभा असलेला मोल्डर मराठी की कन्नड हे पगारस्लिपवर छापलेलं नसतं, आणि फूट पाडायला इतका सोपा धागा दुसरा नाही. उरलेल्या सणांच्या सुट्ट्या मात्र बोलून ठरवण्यासारख्या असतात. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते, तेव्हा सुट्टी चतुर्दशीची की दुसऱ्या दिवसाची, हा प्रश्न इथं हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

कंत्राटी कामगारांचं काय? ओडिशा, बिहारहून आलेली मुलं तेच मोल्डिंग करतात, तेच फेटलिंग करतात. त्यांना बाहेर ठेवून केलेला करार वर्ष-दोन वर्षांत पोकळ होतो, कारण कायम कामगार निवृत्त झाला की त्याची जागा ठेकेदाराकडून भरली जाते. त्यांच्यासाठी निदान समान सुरक्षा साधनं, पगाराची ठरलेली तारीख, ओटी दुप्पट दरानं, आणि रिकाम्या कायम जागा किती भरणार त्याचा आकडा मागा. त्यांच्याशी हिंदीत बोलू शकणारा एक माणूस कमिटीत असू दे.

टप्प्यांचा हिशेब

कंपनी एकरकमी वाढ देत नाही, तीन वर्षांत वाटते. ३,००० रुपये ५०-३०-२० टक्क्यांनी दिले तर पहिल्या वर्षी महिना १,५००, दुसऱ्या वर्षी २,४००, तिसऱ्या वर्षी ३,०००. छत्तीस महिन्यांत खिशात येतात ८२,८०० रुपये. पहिल्या दिवसापासून ३,००० असते तर १,०८,००० झाले असते. म्हणजे हे 'तीन हजार' सरासरीनं महिना २,३०० आहेत.

आता २,७०० रुपये ७०-२०-१० नं घ्या. पहिल्या वर्षी १,८९०, मग २,४३०, मग २,७००. एकूण ८४,२४०. आकडा तीनशेनं लहान, पण तीन वर्षांत जास्त पैसे. मात्र पुढच्या कराराचा पाया तीनशेनं खाली राहतो, आणि तो कायमचा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला दुसरा पर्याय बरा, पंचविशीतल्या पोराला पहिला. सभेत हे दोन्ही हिशेब फळ्यावर मांडा आणि वाद होऊ द्या. हा वाद बंद खोलीत कमिटीनं परस्पर मिटवला तर सहीनंतर तो गेटवर होतो.

लागू होण्याची तारीखही याच हिशेबात आली. करार संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फरक मिळणार, त्यावर पीएफ कापून भरला जाणार, आणि मधल्या काळात निवृत्त झालेल्या किंवा वारलेल्या कामगाराच्या घरीही तो पोचणार, असं लिहून घ्या.

कंपनीची बाजू आधी वाचा

'ऑर्डर नाहीत, बँकेचं व्याज वाढलंय' हे ऐकायची वेळ येणारच. प्रायव्हेट लिमिटेड किंवा लिमिटेड कंपनी असेल तर तिचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये शुल्क भरून बघता येतात. त्याहून सोपी, आणि युनियनवाल्यांना फारशी माहीत नसलेली जागा म्हणजे पतमानांकन संस्थांची पत्रकं. क्रिसिल, इक्रा, केअर यांनी एखाद्या कंपनीच्या बँक कर्जाला मानांकन दिलं असेल तर त्यामागची कारणं त्या फुकट प्रसिद्ध करतात. उलाढाल, नफ्याचं प्रमाण, मोठे ग्राहक कोण, नवी गुंतवणूक कुठं, हे तिथं कंपनीनं स्वतः दिलेल्या माहितीवरून लिहिलेलं असतं. भागीदारी फर्म असेल तर ताळेबंद मिळत नाही. मग डिस्पॅचच्या गाड्या, नवी मशिनं, ओटीचे तास यांवरून अंदाज बांधायचा.

आणि वह्या ठेवा. करारात आता उत्पादनाची जोड मागितली जातेच, दर शिफ्टला बॉक्स (साचे) किती, रिजेक्शन (नापास माल) किती टक्के. मोल्डिंगमधल्या एका दादांची दोनशे पानी वही मी बघितली आहे. कव्हरवर गणपतीचं चित्र, आत पेन्सिलीनं आखलेले पाच रकाने : तारीख, शिफ्ट, बॉक्स, मशीन बंद किती वेळ, का. शेवटच्या रकान्यात एकेक शब्द. 'वाळू ओली.' 'लाईट.' 'मेटल उशिरा.' 'पॅटर्न घासलेला.' बैठकीत प्रॉडक्शन मॅनेजरनं कामगारांच्या ढिलाईवर बोट ठेवलं तेव्हा ती वही टेबलावर उघडली गेली. बंद वेळेतला मोठा भाग सँड प्लांटच्या आणि मेटलच्या नावावर निघाला आणि ढिलाईचा विषय पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर आला नाही. प्रत्येक खात्यात अशी एक वही सहा महिने आधी सुरू करा. वाळू, वीज, पॅटर्न यांमुळं आलेलं रिजेक्शन कामगाराच्या खात्यावर धरायचं नाही, ही अट त्याशिवाय नुसती मागणी राहते.

रंगीत तालीम

टेबलावर कोण बसणार ते सभेत ठरवा. प्रत्येक मोठ्या खात्यातला एक, निदान एक बाई, एक हिशेबाचा माणूस, आणि एक जण फक्त लिहून घेणारा. बोलणारा एकच. बाकीच्यांना बोलायचं असेल तर चिठ्ठी द्यायची, नाहीतर बैठक थांबवून बाहेर यायचं.

दोन तरी तालमी करा. कमिटीतला सगळ्यात बेरकी माणूस एचआर होऊन समोर बसवा. तो म्हणेल, "कोल्हापुरात याच कामाला तुमच्यापेक्षा कमी देतात." उत्तर काय? "कोणती कंपनी, कोणता ग्रेड, ग्रॉस की सीटीसी, कागद दाखवा." तो म्हणेल, "तुमचं बरोबर आहे, पण माझ्या हातात नाही." उत्तर : "मग ज्यांच्या हातात आहे ते बसतील ती तारीख द्या." तो चहा मागवेल, तुमच्यातल्या सगळ्यात तापट माणसाला डिवचेल, दुसऱ्याला गावाकडचं पाव्हणेपण लावून बाजूला घेईल. तालमीत हे सगळं घडू द्या. हसतील लोक, पण खऱ्या बैठकीत कुणी एकटा केबिनमध्ये चहाला जाणार नाही.

प्रत्येक बैठकीचं टिपण त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या सहीनं व्हावं. सही देत नसतील तर 'आज अमुक ठरलं' असं पत्र लगेच पाठवा. आणि संध्याकाळी गेटवर मराठीत आणि कन्नडमध्ये, तोच मजकूर, तेवढ्याच शब्दांत सांगा. एका भाषेत जास्त आणि दुसऱ्या भाषेत कमी सांगितलं की दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर दोन वेगळे करार तयार होतात.

सुगी, गणपती आणि घरचा हप्ता

कंपनीच्या माणसांना आपलं कॅलेंडर पाठ असतं. जूनमध्ये शाळेची फी, श्रावण संपला की गणपती, दिवाळीच्या आगेमागे भाताची सुगी. बोलणी लांबवत गणपतीपर्यंत आणायची आणि मग 'आत्ता ॲडव्हान्स घ्या, करार नंतर बघू' म्हणायचं, ही जुनी युक्ती आहे. ॲडव्हान्स घेऊ नका असं मी म्हणत नाही. घेताना 'करारातल्या फरकातून वळता करून घ्यावा, मागण्यांना बाधा न येता' एवढं लिहून घ्या. सुगीत अर्धं खातं शेतात असतं, तेव्हा निर्णायक सभा त्या पंधरवड्यात ठेवू नका.

सोसायटीचं कर्ज, पिग्मी, भिशी, गाडीचा हप्ता यांचीही चौकशी खात्यातल्या कमिटी मेंबरनं हळूच करावी. कुणाला एक महिना पगार उशिरा झाला तर चालेल आणि कुणाला आठ दिवसही झेपणार नाही, हे नेत्यांना माहीत हवं. ज्या सोसायटीत बहुतेकांची खाती आहेत तिच्या संचालकांशी हप्ता पुढं ढकलण्याबद्दल आधीच बोलून ठेवा. घरच्या बायकामाणसांची एक बैठक घ्या. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांनी १९८० च्या दशकात संघटना उभी केली ती याच जिल्ह्यात. घर चालवणाऱ्या माणसाला हिशेब समजावायला अवघड जातं, असं समजणारे पुढारी मला कधी कळले नाहीत.

संपाबद्दल, स्पष्ट

नव्या संहितेत संपाची नोटीस सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लागू आहे, पूर्वीसारखी फक्त सार्वजनिक सेवांना नाही. नोटीस दिल्यावर १४ दिवसांच्या आत संप करता येत नाही आणि नोटीस ६० दिवसांपुरतीच चालते. समेटाची कारवाई सुरू असताना आणि ती संपल्यावर ७ दिवस संप बेकायदेशीर. चालू करारात जे विषय आहेत त्यांवर, करार अंमलात असेपर्यंत, तोही बेकायदेशीर. ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तीही संपच धरली जाते. बेकायदेशीर संपात भाग घेणाऱ्याला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय नोटिशीविना दहा किंवा जास्त जण मिळून गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो.

हे सभासदांना आधी सांगा, घाबरवायला नव्हे. जोशात कुणीतरी 'उद्या सगळे सीएल टाकूया' म्हणतो आणि ते चार तासांत सगळ्या फोनवर पोचतं. काळ्या फिती, जेवणावर बहिष्कार, गेटसभा, नियमानुसार काम यांचा क्रम कमिटीनं लिहून ठेवावा आणि प्रत्येक पायरी वकिलाला दाखवून घ्यावी.

समेट आणि सही

बोलणी अडली की समेट अधिकाऱ्याकडं जा. त्यानं साधारण ४५ दिवसांत, आणि संपाची नोटीस असेल तर १४ दिवसांत काम संपवून अहवाल द्यायचा असतो. तोडगा निघाला नाही तर कोणत्याही बाजूला ९० दिवसांच्या आत थेट न्यायाधिकरणाकडं अर्ज करता येतो, सरकारनं प्रकरण पाठवायची वाट बघत बसावं लागत नाही. खात्याचा पत्रव्यवहार कन्नडमध्ये येतो. तारखेची नोटीस वाचता न आल्यामुळं तारीख चुकणं हे कारण कुणी ऐकत नाही, म्हणून कन्नड नीट वाचणारा-लिहिणारा माणूस पहिल्या दिवसापासून बरोबर ठेवा. आपसात जमलं तरी शेवटची सही समेट अधिकाऱ्यापुढं करायचा आग्रह धरा. कारण वर दिलंच आहे.

मसुदा बहुधा इंग्रजीत येतो. सहीआधी निदान तीन दिवस तो हातात हवा. त्याचं मराठी आणि कन्नड भाषांतर करून गेटवर लावा आणि अर्थ लावताना कोणती प्रत ग्राह्य ते करारातच नमूद करा. 'व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार', 'शक्य असेल तिथं', 'परस्पर चर्चेनं ठरवलं जाईल' अशा शब्दांभोवती लाल पेनानं गोल काढा. तिथं तारीख किंवा आकडा येईपर्यंत सही नाही. परिशिष्टं मसुद्यासोबतच मागा. ग्रेडचा तक्ता आणि उत्पादनाचे नॉर्म्स 'नंतर जोडू' म्हणून राहिले की तिथंच घोळ होतो. मग सभा, आणि शक्य तर हात वर करून नव्हे, चिठ्ठीनं मतदान. कंत्राटी आणि ट्रेनी यांच्याशी बोलून त्यांचं म्हणणंही नोंदवा.

सही झाल्यावर प्रत्येक सभासदाला कराराची छापील प्रत द्या, दोन्ही भाषांत. पुढच्या महिन्याची स्लिप आली की पगारस्लिपच्या शाळेतली तीच कार्डं घेऊन खात्याखात्यात बसा, नवे चार आकडे जुन्यांच्या खाली लिहा, आणि ज्याचा हिशेब जुळत नाही त्याचं पत्र त्याच आठवड्यात टाइम ऑफिसला द्या.